मध्यांतराचा पास आणि एकोणिसावा चित्रपट

एकोणसत्तर सालच्या चित्रपटांची मी लावलेली क्रमवारी चुकली होती. ही चूक मला टॉकीजमध्ये सापडली नाही, आमच्या स्वयंपाकघरात सापडली. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं सांगण्यात आलं तेव्हा आधी तीच गोष्ट आठवली. आकड्यांत मी सहसा चुकत नाही. त्यामुळे ही चूक कुणी विसरू देत नाही, आणि मलाही विसरायची नाही.

मी वाशिमच्या एका टॉकीजचा मॅनेजर. आधी तिकिटाच्या खिडकीवर होतो, मग मॅनेजर झालो. लोकांना वाटतं, मॅनेजर रोज फुकट सिनेमा पाहत असेल. खरं सांगायचं तर अठरा वर्षांत मी एकही चित्रपट अथपासून इतिपर्यंत बसून पाहिलेला नाही. खिडकी बंद झाली की दहा मिनिटं आत उभा राहतो, मध्यांतरानंतर थोडा डोकावतो, शेवटी दरवाजे उघडायच्या वेळी पडद्यावर काय चाललं असेल ते दिसतं. माझ्या डोक्यात सगळे चित्रपट तुकड्यांत आहेत. नायिका कुणाची मुलगी हे बऱ्याचदा मला ठाऊक नसतं, पण ती किती माणसांसमोर रडली हे ठाऊक असतं.

आमचं गाव अकोला जिल्ह्यातलं, तालुक्याचं. चित्रपट आधी मोठ्या शहरांत चालतो, मग अमरावती-अकोल्यात, आणि तिथली माणसं पाहून कंटाळली की त्याची पेटी आमच्याकडे येते. एकोणसत्तर सालचे चित्रपट आमच्याकडे एकाहत्तर संपेपर्यंत येत होते. एकूण एकोणीस आले. हिंदी चौदा, मराठी पाच. त्यांची खरी नावं फक्त पोस्टरवर. गावात त्यांना वेगळीच नावं पडली होती. अनसिंगहून बैलगाडीनं आलेला माणूस खिडकीशी येऊन विचारायचा, "भाऊ, तो निळ्या मोटरीचा हाये का गेला?" एक ‘दोन भावांचा’, एक ‘डाकूचा’, एक ‘आंधळ्या बापाचा’. कुणीही चुकत नसे.

पंचाहत्तर साली दिवाळीच्या महिनाभर आधी अमरावतीच्या वितरकाचं पत्र आलं. एकोणसत्तरच्या जुन्या प्रिंटा मोकळ्या आहेत, दिवाळीनंतर दुपारच्या खेळांना लावायच्या असतील तर सहा निवडून कळवा. आमचे मालक नेमिचंदशेठ हे कापडाचे व्यापारी. टॉकीज वडिलांनी बांधली म्हणून ते चालवतात. स्वतः वर्षातून एखादा चित्रपट पाहत असतील. पण गिऱ्हाईक त्यांना ओळखू येतं. पत्र माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "मॅनेजर, तुमच्या वह्या आहेत. त्या सालचा पह्यला कोनता, दुसरा कोनता, अशी यादी लावा. नुसता चालला तो नको. लोकायले आवडला तोही पाह्यजे. दोन्ही गोष्टी एक नसतात."

कापडाचा व्यापारी हे बोलू शकतो. खपणारं कापड वेगळं आणि गिऱ्हाईक पुन्हा मागायला येतं ते वेगळं.

मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. आमच्या टॉकीजला जनाना दरवाजा आहे. बायकांची बसायची जागा वेगळी, एकशे वीस खुर्च्या, मध्ये पडदा, दार मागच्या गल्लीत. मंगळवारी दुपारचा खेळ फक्त बायकांचा, त्याच खुर्च्यांपुरता. शेटजी म्हणाले, "अकोल्याले सगळे फॅमिली क्लास करून राह्यले. नवरा-बायको संग बसतात. आपला जनाना निम्मा रिकामा राह्यते. यादीसंग त्याचेही आकडे काढा. नसन चालत, तर दिवाळीनंतर दरवाजा बंद करू, मंगळवारचा खेळही बंद."

दरवाजा बंद म्हणजे तुळसाबाई बंद. तुळसाबाई त्या दाराची डोअरकीपर. नवरा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या हंगामापुरतं काम. बाकीचं वर्ष त्या दारावर चालायचं. तरी मी वह्या काढल्या. आकडे जे सांगतील ते सांगतील, असा माझा स्वभाव.

पहिला रकाना सोपा होता. कोणत्या खेळाला कोणत्या वर्गाची किती तिकिटं गेली याचा रोजचा तक्ता आम्ही भरतो, ते सगळे तक्ते माझ्याकडे होते. पण मी नुसत्या बेरजा केल्या नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणताही चित्रपट चालतो, ते दिवस वेगळे काढले. कापूस वेचणीत आलेला आणि लग्नसराईत आलेला चित्रपट एका मापानं मोजला नाही. ‘डाकूचा’ पहिला आला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

आमच्या ऑपरेटरची, गफ्फारभाईंची, स्वतःची यादी तयार होती. ते म्हणाले, "इतना हिसाब कायले करता, मॅनेजरसाब? प्रिंट हातात घ्या. ज्या रिळाले जोड जास्त, तो सिनेमा चालला. लोक वन्स मोर म्हनतात, ऑपरेटर गाना फिरसे चलाता, फिल्म तुटते, मी जोडतो. आंधळ्या बापाच्या तिसऱ्या रिळात माह्या हाताचे अकरा जोड हायेत." मी ताडून पाहिलं. त्यांचे पहिले चार आणि माझे पहिले चार तेच होते, एकाचीच जागा खालीवर. त्या दिवसापासून मी गफ्फारभाईंच्या बोटांना मान देतो.

दुसरा रकाना अवघड. आवड मोजायची कशानं? टाळ्या-शिट्या कुणी लिहून ठेवत नाही. शेलूबाजारचे एक अडत्ये नेमानं येत, बाल्कनीत बसत आणि झोपत. बाहेर पडताना मला हिशेब देत, "आज दोन गान्याले जाग आली. चांगला हाये." पण एका माणसाच्या झोपेवर यादी लागत नाही.

मी मध्यांतराचे पास घेतले. बाहेरच्यांसाठी सांगतो. मध्यांतरात कुणी बिडी-चहाला बाहेर निघाला की डोअरकीपर त्याला पुठ्ठ्याचा लहान पास देतो. परत येताना तो पास द्यायचा आणि आत जायचं. खेळ संपल्यावर दिलेले पास किती आणि परत आलेले किती हे मला कळवायचं. परत न आलेला पास म्हणजे अर्ध्यातून उठून गेलेला माणूस. तिकीट काढताना माणसाला चित्रपट कसा आहे हे माहीत नसतं; मध्यांतराला माहीत झालेलं असतं. तेव्हा जो उठला, त्याचं मत खरं. ही युक्ती मला सुचली याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

पुरुषांच्या दाराचे दोन्ही आकडे वहीत होते. जनान्याचा एकच होता. तुळसाबाईंना लिहिता येत नसे. खेळ संपला की त्या खिडकीशी येऊन "आज पाच," "आज तीन," एवढंच सांगत, आणि मी ‘पास’ या रकान्यात तो आकडा टाकी. जनान्यात शेंगदाणेवाली आत येते, पाण्याचा माठ आतच, मोरी आतच. बाई मध्यांतराला बाहेर कशाला जाईल? पोर रडलं, कंटाळा आला, घरी गेली. असं धरून मी तुळसाबाईंचे सगळे पास ‘उठून गेलेल्या’त जमा केले. त्यांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.

या हिशेबानं एक मराठी चित्रपट तळाला गेला. काळा-पांढरा, दोनच गाणी, नावाजलेला नट एकही नाही. गावात त्याला ‘मशीनवाला’ म्हणत, कारण त्यात एका बाईचं शिवणयंत्र होतं. तिकिटांत तो अकरावा होता, पण मंगळवारच्या एका खेळात तुळसाबाईंनी एकेचाळीस पास सांगितले होते. बसलेल्या सत्तर बायकांतून एकेचाळीस उठून गेल्या! आवडीत तो एकोणिसावा, म्हणजे शेवटचा.

यादी पक्की करायच्या आदल्या संध्याकाळी मी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो होतो. आमचं घर एकत्र. थोरले दादा बाहेरगावी नोकरीला, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आमच्याजवळ, आमची दोन. वहिनी चुलीपाशी, बायको भाकरी थापत. गंमत म्हणून मी यादी वाचून दाखवली. शेवटचं नाव ऐकून बायकोचे हात थांबले.

"मशीनवाला शेवटचा? कोनं लावली हे यादी?"

"मी."

"मंग बरोबर हाये," वहिनी म्हणाल्या. "पाह्यला नसन तुमी."

मी पासांचा हिशेब समजावून सांगितला. दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. बायकोला तर भाकरी तव्यावर टाकता येईना.

"अहो, तो अर्धा सिनेमा म्या पाह्यला," ती म्हणाली. "दीर मशीन बैलगाडीत टाकून नेते ना, तिथपर्यंत. पुढचा जाऊबाईनं पाह्यला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तवा तीन पोट्टे, गाय, घर कोनाच्या भरवशावर टाकाचं? तुमी त मंगळवारी टॉकीजवर. मी मध्यांतराले पास घेऊन निघाची. ह्या पान्याच्या टाकीजवळ येऊन उभ्या राहत. पास यायच्या हातात, लहानगं पोरगं माह्या कडेवर. रातच्याले भांडे घासता घासता मी यायले पह्यला भाग सांगो, ह्या मले दुसरा."

"एकाच तिकिटावर?"

"मंग? तुमी कधी पास देल्ला घरी?"

दिला नव्हता. घरच्यांना फुकट बसवायचं नाही हा माझा नियम, आणि त्याचा मला अभिमान होता.

"असं आणखी कोण करतं?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "कोन नाही करत, ते विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या गल्लीत गेलो. तुळसाबाई दाराशी स्टुलावर बसून तिकिटांचे तुकडे निवडत होत्या. मी सरळ विचारलं. त्यांनी नाकबूल केलं नाही.

"हाव जी. येक बाई गेली, येक बाई आली. तिकीट येक, खुर्ची येक. कोनाचं नुकसान झालं?"

"पासावर छापलेलं आहे, दुसऱ्याला देऊ नये म्हणून."

"मले वाचता येते काय?" त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "आन् ज्याले वाचता येते त्याच्या घरच्या दोघी बी याच दारातून गेल्या. मी कवा काई बोलली काय?"

मी विचारलं, सगळ्याच चित्रपटांना बायका असं करतात का? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तोवरच्या नोकरीत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"नाही बापा. सिनेमा खराब असला का बाई पुरी बसते. तिकीट काढलं, फुकट कायले घालवाचं? चांगला असला तवाच उठते. घरी जाऊ हाये, नणंद हाये, तिनं बी पाह्यला पाह्यजे असं वाटते ना. मशीनवाल्याले काय धावत जात होत्या! येक तर चप्पल इथंच सोडून गेली. दुसरी आली ते दोघींच्या चपला घेऊन गेली."

म्हणजे माझा रकाना उलटा होता. जिथे मी नावड लिहिली होती तिथे पसंती होती, आणि तीही अशी, की स्वतःचा अर्धा चित्रपट सोडून दुसरीला द्यावा. अशी पसंती मी पुरुषांच्या दारात कधी पाहिली नाही. आमचा गडी मध्यांतराला बाहेर जातो आणि बिडीसुद्धा पूर्ण स्वतःच ओढतो.

आता पंचाईत अशी, की यादी दुरुस्त करायची तर शेटजींना कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर तुळसाबाईंनी इतकी वर्षं नियम मोडू दिला हे उघड होणार. न सांगावं तर माझे आकडे त्यांचा दरवाजा बंद करणार. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. खोटी यादी देणं मला जमणार नव्हतं, आणि त्यांच्या पाठीमागे चुगली करणंही.

त्यांनी पदर खोचला. "चला. मीच सांगतो. तुमी सांगसान त पुस्तकासारखं सांगसान."

शेटजी गादीवर बसले होते. तुळसाबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, कुठेही आवाज न उतरवता. आमच्या घराचं नाव मात्र घेतलं नाही. ते मी घेतलं. शेटजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याही घरून?"

"हो."

"आन् तुमाले मालूम नाही?"

"नाही."

त्यांनी चष्मा पुसला. मग तुळसाबाईंना म्हणाले, "बाई, म्हणजे माह्या जनान्यात सत्तर तिकिटांवर एकशे अकरा बाया येऊन गेल्या, आन् मी त्याले रिकामा म्हनो."

"हाव जी."

"मंग येक करू. मशीनवाला आणतो. पह्यल्या मंगळवारी लावतो. पन त्या दिवशी पास नाही. ज्याले पाह्यचं त्यानं आपलं तिकीट काढून पुरा पाहावा. खुर्च्या भरल्या, त दरवाजा राह्यला. नाही भरल्या, त मले दोष देऊ नका."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुळसाबाई, हे कठीण आहे. पास नाही तर जोडीतली एकच येईल. दोघी आल्या तर मुलं कोण सांभाळणार?"

त्या म्हणाल्या, "ज्याचे हायेत थे."

पुढचे पंधरा दिवस त्या बाईंनी जे केलं त्याला जाहिरात म्हणत नाहीत, पण आमची रंगीत पोस्टरं आणि टांग्यावरचा भोंगा त्यापुढे काहीच नव्हता. नळावर, दळणाच्या गिरणीत, जिनिंगच्या फाटकाशी त्या उभ्या राहत. बायकांना म्हणत, या वेळेस पुरा पाहा. आणि पुरुषांना, "काहून भाऊ, तीन घंटे सोताचे लेकरं सांभाळनं होत नाही तुमच्याच्यानं? मनीजरसाहेब त सुट्टी टाकून राह्यले."

मी सुट्टी टाकत होतो हे मला त्यांचं बोलणं कानावर आलं तेव्हा कळलं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "गावात साऱ्याईले माहीत हाये."

त्या मंगळवारी मी नोकरीत पहिल्यांदा खेळाच्या वेळेस घरी होतो. दोघींची दोन तिकिटं मी आदल्या दिवशी रांगेत उभं राहून काढली होती. चार मुलांना जेवू घातलं. धाकटी झोपेना म्हणून तिला घेऊन रस्त्यावर आलो, तर समोरच्या ओट्यावर एक शिक्षक गृहस्थ दोन पोरं मांडीवर घेऊन बसलेले. कोपऱ्यावर जिनिंगचा एक फिटर पोराचं नाक पुसत होता. पलीकडे अत्तरवाले चाचा नातवाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होते. नजर चुकवून जो तो आपलं पोर खेळवत होता. टॉकीजमध्ये किती खुर्च्या भरल्या असतील हे मला तिथे उभं राहून मोजता आलं, इतके पुरुष त्या दुपारी कडेवर पोर घेऊन गल्लीत होते.

दिवेलागणीआधी दोघी परतल्या. बायकोनं दारातूनच सांगितलं, "तुळसाबाईचा निरोप हाये. खुर्च्या पुरल्या नाही, खाली सतरंज्या टाकल्या. शेटजी सोता मागच्या गल्लीत येऊन पाहून गेले. म्हणे, दरवाज्याले तेलपानी करा, लय करकरते."

जनाना दरवाजा आजही आहे आणि मंगळवारचा खेळही. त्यानंतर तुळसाबाई रोज दोन आकडे सांगतात, दिलेले आणि परत आलेले. दोन्ही नेहमी सारखेच असतात, आणि मी ते निमूट लिहितो. दुरुस्त यादीत मशीनवाला तिकिटांत अकरावाच राहिला, कारण गेलेली तिकिटं बदलत नाहीत. आवडीच्या रकान्यात तो पहिला गेला.

पण त्या संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. मला वाटलं, पुन्हा पाहताना चित्रपट उतरला असावा. मुलं जेवली का, गाय बांधली का, एवढंच विचारलं. वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. बायको त्यांच्यासमोर बसली.

"जाऊबाई, तुमी त सांगतलं होतं, शेवटी ते बाई शयरातून मशीन घेऊन येते. डोक्यावर. सारं गाव पाह्यते म्हने."

वहिनी तांदूळ निवडत राहिल्या.

"कुठी आनते? मशीन तिथंच राह्यते. एकलीच येते घरी, आन् सुई-दोरा घेऊन बसते."

वहिनींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तवा तुले सातवा चालू होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, काहून रडवाची."

बायकोनं वहिनींच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तांदूळ स्वतः निवडू लागली.